एक ओळ जास्तीची

आलेश मंगळवारी यायचा, सालू शुक्रवारी.
चोडणच्या धक्क्यावर, एकाच फेरीबोटीत
दोघे समोरासमोर येऊ नयेत
हा हिशेब आठ वर्षं बिनचूक चालला.
जमिनीवरून नव्हे. जमीन आहे कुठे?
दोन माड, आणि खारफुटीने गिळलेलं मिठागर.

भांडण देवावरून.
सालूने रायबंदरला पुन्हा बाप्तिस्मा घेतला,
ओहोटीच्या नदीत, गळ्याइतक्या पाण्यात.
आलेश म्हणाला,
"मग पाद्रीने तुझ्या टाळूवर ओतलं ते काय? विहिरीचं पाणी?"
"हो," सालू म्हणाला.
त्या "हो"नंतर
जे काही बोलायचं ते दोघेही माझ्यामार्फत.

आलेश कॉन्फ्रारीचा माणूस.
फेस्ताला लाल ओपा घालून
छत्राची पुढची डावी काठी धरतो. ती बापाची काठी.
सालू आला की खुर्ची फिरवतो,
ओराटोरीकडे पाठ करतो,
सायबिणीपुढचा छोटा दिवा
त्याच्या टकलावर लुकलुकत राहतो.
माय आधी रागवायची.
मग राग कशाचा ते विसरली,
मग ही मुलं कुणाची, तेही.
मला ती "बाय" म्हणायची, शेजारणीला म्हणतात तसं.

मी दोघांच्याही देवाला दूध-साखरेइतकंच मानते.
चहात असला तर बरा.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी डॉक्टर म्हणाला, बोलवा सगळ्यांना.
आलेश आला, सालू होताच.
रात्री बोटीचं इंजिन बसलं,
मयेवरून फिरून जायला कुणाकडे गाडी नव्हती.
खाटेच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा,
मधे माझी पेजेची वाटी.
झावळ्यांच्या रविवारी कौलात खोवलेला माडाचा पाला
वाऱ्याने खरखरत होता,
आणि तेवढाच आवाज होता घरात.

मग मायच सुरू झाली.
डोळे मिटलेले. "आमच्या बापा..."
ओठांवरच, विडा चघळल्यासारखं.
अर्ध्यावर आली आणि अडली.
रोजची भाकरी मागायची ती जागा.
"दिसपट्टो..." म्हणाली. पुन्हा "दिसपट्टो..."
पुढचा शब्द गेला होता,
जसे आम्ही गेलो होतो.

"ग्रास," आलेश म्हणाला.
"ग्रास," सालू म्हणाला,
त्याच क्षणी, त्याच घोगऱ्या आवाजात,
बापाचा आवाज दोघांत सारखा वाटलेला.
मी चमचा तिच्या ओठांना लावला. तिने गिळला.
मग तिघं चालत राहिले पुढे.
क्षमेची ओळ आली, तेव्हा कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
उगाच खोटं कशाला सांगू.

वाईटातून सोडव, इथे आलेशची प्रार्थना संपते.
सालूच्या लोकांची संपत नाही.
त्यांना एक ओळ आणखी असते,
राज्य तुझं, सामर्थ्य तुझं, अशी.
आलेशचं तोंड आमेनसाठी उघडलं होतं. मी पाहिलं.
आणि त्याने आमेन तसाच
धरून ठेवला,
फेरीवरचा माणूस दोर धरतो तसा,
धाकटा भाऊ फळीवर पाय ठेवेपर्यंत.

मग दोघे मिळून म्हणाले.
मायचा श्वास लांब झाला, समुद्रासारखा नाही,
झोपलेल्या बाईसारखा.
सालूने खुर्ची फिरवली नाही. आलेशनेही ती फिरवायला सांगितलं नाही.
पहाटे पोदेराचा भोंपू वाजला.
मी सहा उंडे घेतले. दोघांनी एकेक मोडून खाल्ला,
चहात बुडवून, न बोलता.

माय नवव्या दिवशी गेली.
सिमितेरीत पाद्रीने शेवटची प्रार्थना म्हटली,
सगळ्या गावाने आमेन म्हटलं,
ओपातल्या एकाने म्हटलं नाही.
तो मागे भिंतीकडे कान देऊन उभा होता.
तिथून, चाफ्याखालून,
ती जास्तीची ओळ हळूच आली.

अजून त्यांचं पटत नाही. मंगळवार तो मंगळवार.
पण रात्री झोप आली नाही
की मी त्या मोकळ्या जागेत जाऊन बसते,
एकाची प्रार्थना संपल्यावर
आणि त्याचा आमेन येण्याआधी.
तिथे ऊब असते.
कुणीतरी कुणासाठी थांबलेलं असतं.